हशा संपायची वाट

१६ जाने., गुरु.

गेल्या शनिवारची सकाळ. दारात पाणी मारून रांगोळी काढली, कचऱ्याची गाडी येऊन गेली, दूध उतू जायच्या आत गॅस बंद केला. मग भिजवलेले अवरे, म्हणजे पावट्याचे दाणे, घेऊन खाली बसले. या दिवसांत सगळ्या बंगळूरभर बायका हेच करत असतात. दाणा दोन बोटांत धरून दाबायचा, साल बोटांत राहतं, डाळ पातेल्यात उडते. एखादी भिंतीवर जाते. निम्मे झाले होते तेव्हा फोन वाजला. आमच्या मराठी मंडळाचे अनंतराव.

"वत्सलाक्का, गोदाक्का गेली. पहाटे. शैलाच्या घरी."

मी "सरी" म्हटलं. म्हणजे बरं, ठीक. फोन ठेवला आणि उरलेले सगळे दाणे सोलले. एकही ठेवला नाही. मग साडी बदलली.

आज सहावा दिवस. डाळ फ्रीजमध्ये तशीच. मंगळवारी संक्रांत झाली, शेजारून एळ्ळु-बेल्ल, इथला तीळगूळ, आलं, तेही वाटीत तसंच आहे.

ही वही आमचे हे गेल्यावर सुरू केली होती. मग सुटली. आता पुन्हा काढली. हात रिकामे राहिले की घरभर फिरत बसते. कालपासून दोनदा गॅस पुसला.

१८ जाने., शनि.

मंडळाच्या ग्रुपवर गोदाक्काच्या नाटकाचा तोच व्हिडिओ. सकाळपासून नऊ जणांनी टाकला. खाली तेच तेच. 'काय टायमिंग.' 'अशी बाई पुन्हा होणे नाही.' 'पोहे सीन, अजरामर.'

तीसेक वर्षं गो. मंडळाच्या गणपतीतल्या नाटकात विनोदी काम करायची. सासू, मोलकरीण, भांडखोर शेजारीण, एकदा तर हवालदार. जयनगरमधल्या हॉलमध्ये लोक सतरंज्यांवर बसून बघायचे. दुसरं कोण नाटकात आहे हे कुणी विचारायचं नाही, गोदाक्का आहे ना, एवढंच. मी कधी स्टेजवर गेले नाही. मी विंगेत, पुस्तक हातात. प्रॉम्प्टर.

या व्हिडिओत मुलगी बघायचा प्रवेश आहे. गो. मुलाची आई. पोह्यांची बशी हातात येते. ती बशीकडे बघते. मग मुलीच्या आईकडे. मग पुन्हा बशीकडे. लोक हसायला लागतात. ती काही बोलतच नाही. हशा वाढत जातो. मग ती बशी घेऊन सरळ आत निघून जाते. टाळ्या. थोड्या वेळानं बाहेर येते, बशी हातातच, आणि म्हणते, "पोहे झकास झालेत. ज्यांनी केले त्यांनाच आम्ही घेऊन जातो." मग काय विचारता. म्हातारे लोक डोळे पुसतायत.

सगळ्यांना वाटतं, पोहे कुणी केले ते बघायला आत जायची युक्ती तिचीच. पुस्तकात नव्हती ना.

ती आत गेली नव्हती. ती माझ्याकडे आली होती. मला म्हणाली, "वत्सले, आपण कुणाकडे आलोय?"

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. इथेही लिहिलं नव्हतं.

२० जाने., सोम.

पार्कात तीन फेऱ्या मारल्या. एरवी एक मारते.

आमची पद्धत कशी होती ते लिहून ठेवते. आता विचारणारं कुणी नाही.

गो.ला मराठी वाचता येत नव्हतं. मलाही येत नव्हतं आधी. आम्ही दोघी कानडी शाळेतल्या. घरात मराठी बोलायचो, पण कागदावर मराठी कधी बघितलंच नाही. लग्नानंतर मी दुकानांवरच्या हिंदी पाट्या वाचत वाचत अक्षरं शिकले. मग मंडळाच्या लायब्ररीतली पुस्तकं. पहिलं पुस्तक संपायला सात महिने लागले. गो.ला म्हटलं, तूही शीक. "मला कशाला? तू आहेस की."

म्हणून तिचं काम मी कानडी अक्षरांत उतरवून द्यायची. बोलायचं मराठी, अक्षरं कानडी. 'चमचा' मधला च आणि 'चहा' मधला च कानडीत वेगळा दाखवता येत नाही, तिथे मी खाली टिंब द्यायची. एकेक नाटक दोन-दोन वह्या. त्यामुळे तिचं प्रत्येक वाक्य माझ्या हातातून गेलेलं. माझं पाठ व्हायचं तिच्याआधी.

आणि तिनं मला एक नियम घालून दिला होता. पहिल्याच नाटकात मी घाबरून मध्येच वाक्य सांगितलं. मध्यंतरात विंगेत येऊन चिमटा काढला.

"हशात वाक्य टाकायचं नाही. हशात वाक्य मरतं. आधी तो वर जाईल, मग उतरेल. पाऊण उतरला की दे. तोवर माझा जीव गेला तरी तोंड उघडू नकोस."

तीस वर्षं पाळला. त्या दिवशीही पाळला. ती बशी घेऊन उभी होती, पुढचं वाक्य माझ्या ओठावर होतं, लोक हसत होते. मला वाटलं, ती हशा घेतेय. मी उतरायची वाट बघत राहिले. तो उतरेचना. ती नुसती उभी, आणि लोक आणखी हसतायत.

व्हिडिओत ते सव्वीस सेकंद आहेत. मोजले.

२३ जाने., गुरु.

तेरावा. व्हाइटफील्डला, शैलाच्या बिल्डिंगच्या हॉलमध्ये. शैला म्हणजे गो.ची एकुलती मुलगी. कंपनीत मोठ्या कामावर आहे. शेवटचं दीड वर्ष गो. तिच्याकडेच होती. आधी नावं विसरली, मग घर, मग जेवण. शेवटी छातीत कफ झाला.

वाढायला मी होते. शैला ताटं मोजत माझ्याजवळ आली.

"मावशी, एक विचारू? तुला कधी काही जाणवलं होतं का? आधी? मी आपली शनिवारी यायचे, दोन तास बसायचे, ती मला हसवायची आणि मी परत. मला कळलंच नाही."

मी म्हटलं, "नाही गं."

वाढतच राहिले. कोशिंबीर एकाला दोनदा वाढली.

निघताना लिफ्टपाशी पुन्हा ती. म्हणाली, "मलापण होतंय आजकाल. शेजारी बसणाऱ्या मुलीचं नाव आठवेना मिटिंगमध्ये. तीन वर्षं शेजारी बसतेय. कॅबवाल्याला दोनदा जुना पत्ता सांगितला."

"दमली आहेस. एवढं सगळं केलंस."

"दमलेय, ते आहेच. पण डॉक्टरना भेटणार आहे. अठ्ठेचाळीस म्हणजे काही लहान नाही."

येताना मेट्रोत बसायला जागा मिळाली, तरी उभीच राहिले. माझ्या तोंडातून 'नाही' इतकं सहज कसं आलं.

२५ जाने., शनि.

पहिल्यांदा केव्हा, ते मला नक्की माहीत आहे. कोरोनाच्या आधीचा गणपती. तालीम अनंतरावांच्या गच्चीवर. चहा आला. गो. कपात साखर घालत मला म्हणाली, "भाऊजी नाही आले आज? त्यांना दोन चमचे ना?"

भाऊजी म्हणजे आमचे हे. त्यांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

मी हसले. लिहायला लाज वाटते, पण हसले. कारण ती कशावरही बोलायची. हे गेले तेव्हा तेराव्याला आली, फोटोपुढे बसली आणि म्हणाली, "शर्टाचं वरचं बटण इथेपण लावलेलंच. आता तरी सोड म्हणावं." मी इतकी हसले की माझ्या नणंदा उठून आत गेल्या. त्या तेरा दिवसांत मी तेवढाच काय तो मोकळा श्वास घेतला होता. म्हणून मला वाटलं, हेही तसंच.

मग तिचं तोंड बघितलं. ती माझ्या हसण्याकडे बघत होती, मी का हसतेय ते शोधत होती.

मग तिला आठवलं. कप खाली ठेवला. बाकीचे लोक तिकडे भांडत होते, पडदा निळा की हिरवा. ती हळू म्हणाली, "बघितलंस ना. हे तिसऱ्यांदा झालं या महिन्यात. कुणाला बोलू नकोस. शैलाला तर नाहीच."

"डॉक्टरला दाखवू."

"दाखवू, दाखवू. दाखवलं की शैला मला घरी बसवेल. बसले की संपले. शप्पथ घे."

घेतली. त्या वर्षी सगळी वाक्यं मीच दिली तिला, एकेक करून, विंगेतून. कुणाला कळलं नाही. नंतर दोन वर्षं कोरोना, दारं बंद, नाटक नाही. फोनवर ती नुसती हसवायची. फोनवर काय कळतंय. कोरोनानंतरचं पहिलं नाटक म्हणजे हे पोह्याचं. तेच शेवटचं.

तेव्हा गच्चीवर ती चौसष्टची पण नव्हती.

२७ जाने., सोम.

अ.राव आले. हातात पिशवी, पिशवीत मंडळाची फाइल. चपला काढताना खांबाला धरतात आता.

"रविवारी सभा. अक्का, तुम्ही पाच मिनिटं बोलायचं."

"मला नाही येत बोलायला. तीस वर्षं कुजबुजले मी."

"म्हणून तर. सगळे येऊन तेच सांगणार, थोर होत्या, हसतमुख होत्या. तुम्ही आतलं सांगा. विंगेतलं. पोहे घेऊन आत आली तेव्हा काय म्हणाली ती? मला नेहमी विचारायचं होतं."

माझ्या हातात भांडं होतं, ते पुसत राहिले.

"काही नाही म्हणाली."

"काही नाही? गोदाक्का?" त्यांना हसू आलं. "बशीतले दोन घास तरी खाल्ले असतील की."

"ते खरे पोहे नव्हते. कुरमुरे होते."

"बघा, हे सांगा. लोकांना आवडेल."

कॉफी घेतली, स्वल्प साखर म्हणून तीन चमचे घातले, गेले. भला माणूस. त्यांनीच तो व्हिडिओ काढला होता, खुर्चीवर उभं राहून.

३० जाने., गुरु.

आज निघाले होते. शैलाकडे जाऊन सांगायचं, तोंडावर सांगायचं, असं ठरवून. डब्यात भडंग घेतलं. जयनगरहून मेट्रोनं मॅजेस्टिक, तिथे व्हाइटफील्डची गाडी बदलायची. बदलायला जिना उतरले. फलाटावर गाडी आली, गेली. दुसरी आली. दारं उघडली, बंद झाली. पोलीस बाई म्हणाली, "यल्लीगे होगबेकम्मा?" कुठे जायचंय. मी म्हटलं, जयनगर. तिनं वर बोट दाखवलं. उलट जिना चढले.

शैलाला काय सांगणार? तुझ्या आईला चार वर्षं आधीपासून होत होतं आणि मी गप्प बसले? तेव्हा औषध चालू झालं असतं तर? काही वर्षं बरी गेली असती, असं म्हणतात. नसतीही गेली. मला काय कळतंय. मी ग्रंथालयातलं एक पुस्तक आणून वाचलं त्या रोगावरचं. त्यात लिहिलंय बरा होत नाही. पुढे लिहिलंय लवकर कळलेलं चांगलं. दोन्ही एकाच पानावर.

आणि दुसरं. हे गेले, गो. गेली, मूल मला नाही. मावशी म्हणून फोन करणारी एकच. तीही नाही राहिली तर

भडंग मीच खाल्लं.

२ फेब्रु., रवि.

सभा झाली. हॉल भरला होता. गो. असती तर म्हणाली असती, तिकीट लावायला हवं होतं.

मला तिसऱ्या नंबरवर बोलावलं. कानडी अक्षरांतल्या वह्यांचं सांगितलं, चमच्याच्या टिंबाचं सांगितलं, हशात वाक्य मरतं ते सांगितलं. कुरमुऱ्यांचंही. लोक हसले. आवाज बाहेर ऐकू जातोय हे पहिल्यांदा कळलं. खाली येऊन बसले.

मग दिवे घालवून भिंतीवर व्हिडिओ लावला. एवढी मोठी गो. हॉल हसायला लागला आणि भिंतीवरचा हॉलही हसत होता, दोन्ही हशे एकात एक. मी सवयीनं मोजत होते. वर जातोय, वर जातोय, अजून नाही, अजून नाही. ओठ हलले माझे. वाक्य आलंच ओठावर.

ती बशी घेऊन विंगेकडे वळते तेव्हा तिचे डोळे दिसतात. मोठ्या पडद्यावर अगदी नीट दिसतात. मला वाटलं, आता कुणाला तरी कळेल. कुणाला नाही कळलं. टाळ्या.

शैला माझ्या शेजारी होती. हसत होती आणि रडत होती. माझा हात धरून ठेवला. दिवे लागल्यावर म्हणाली, "मावशी, हे बघितलं की मला बरं वाटतं गं. तोवर आई ठीक होती. एवढं ठीक नसेल तर कुणाला असं जमेल का?"

मी पाण्याची बाटली शोधत होते पिशवीत.

"डॉक्टरांनापण हेच दाखवणार आहे मी. ते विचारत होते, आईचं केव्हा सुरू झालं. पासष्टीच्या आधी की नंतर, तेवढं कळलं तरी माझी कुठली तपासणी करायची ते ठरवता येतं म्हणे. आधी असेल तर घराण्यात असायची भीती जास्त. यात आई सहासष्टची आहे. म्हणजे नंतरच."

"हो" म्हटलं का मी? आठवत नाही. मान हलवली बहुतेक.

४ फेब्रु., मंगळ.

काल दिवसभर पुस्तकांचं कपाट काढलं. सगळी खाली घेतली, पुसली, परत लावली. मग वाटलं जाड पुस्तकं खाली हवीत. पुन्हा काढली.

शैलाचा फोन. तेरा तारखेला डॉक्टर, गुरुवारी अकराला. आवाज हलका होता तिचा. "तो व्हिडिओ पेन ड्राइव्हवर घेतलाय. अनंतकाकांनी चांगला मोठा पाठवला."

मी म्हटलं, जेवलीस का. ती म्हणाली, हो. मी म्हटलं, काय जेवलीस. ती हसली, "तपासतेस का मला?"

नऊ दिवस.

८ फेब्रु., शनि.

शपथ घातली ती गो.नं. गो. नाही. मग ती शपथ कुठे आहे आता? माझ्याकडेच आहे. मोडली तर मलाच कळणार.

पण तिनं शपथ घातली ती स्टेजसाठी. घरी बसवू नये म्हणून. आता कोण कुणाला घरी बसवतंय. असं म्हटलं की दोन घटका बरं वाटतं. मग वाटतं, तिला विचारलं असतं, शैलाला कळायला हवं असं वाटतं का तुला, तर काय म्हणाली असती? काहीतरी विनोद केला असता आणि विषय बदलला असता. माझ्याशीसुद्धा. खरं सांगायचं तर तिला शेवटी काय हवं होतं ते मला माहीत नाही. तिची वाक्यं मला पाठ होती, एवढंच.

आणि तो व्हिडिओ. एकदा कळलं की तो पुन्हा कुणाला हसून बघता येणार नाही. शैलाकडे तिच्या आईचं हसणारं तेवढं एकच उरलंय. ते मी काढून घेणार.

न सांगितलं तर डॉक्टर चुकीची तपासणी करणार, नाहीतर करणारच नाहीत. माझ्या 'नाही गं' मुळे.

दुपारी झोपायचा प्रयत्न केला. उठून कुंड्यांना पाणी घातलं. सकाळी घातलेलं होतं.

१० फेब्रु., सोम.

सांगितलं.

जायचं नाही म्हटलं, मॅजेस्टिकला पुन्हा अडकेन. फोनच केला. जेवणाच्या सुट्टीत, दीड वाजता. मागे ऑफिसातलं हिंदी ऐकू येत होतं.

"शैला, तो व्हिडिओ डॉक्टरांना दाखवू नकोस."

"का गं?"

"त्यात ती विसरली होती."

"विसरली कुठे? आत गेली ना ती, पोहे कुणी केले ते बघा…"

"ती मला विचारायला आली. आपण कुणाकडे आलोय, असं. मी तिला खांद्याला धरून फिरवलं, मुलगी बघायला आलोय म्हटलं, वाक्य दिलं आणि बाहेर पाठवलं."

मागचं हिंदी बंद झालं. ती कुठेतरी बाहेर आली असावी.

"आणि त्याच्या आधीपासून. कोरोनाच्या आधीच्या गणपतीपासून."

"तुला माहीत होतं."

"हो."

"मी तुला विचारलं होतं, मावशी. तेराव्याला. तुझ्या हातात कोशिंबिरीचं भांडं होतं."

"हो."

"आणि सभेत मी तुझा हात धरून बसले होते."

"तिनं शपथ घातली होती मला."

"तिला काही कळत नव्हतं. तुला कळत होतं."

खरंच होतं.

"ठेवते."

तिनं आदळला नाही फोन. हळूच ठेवला. तेच जास्त

११ फेब्रु., मंगळ.

फोन नाही. मी केला नाही. दोनदा हातात घेतला.

मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी पुन्हा पोहे टाकले. खाली शैलाचं नाव दिसलं तर बघायला उघडलं. नव्हतं. एरवी ती हात जोडल्याचं चित्र टाकते.

बाजारात गेले. काय आणायचं ते ठरवलं नव्हतं. भाजीवालीनं विचारलं, "अक्का, एन बेकु?" काय हवंय. मी उभीच. ती हसली. मीही हसले. मेथी घेतली दोन जुड्या.

१२ फेब्रु., बुध.

मेथी निवडून झाली. वरणात घातली.

दुपारी अ.राव. शैलानं त्यांना फोन केला होता. व्हिडिओ ग्रुपवरून काढा म्हणाली, कारण सांगितलं नाही. ते गोंधळलेले.

"अक्का, चुकलं का आमचं काही? हसलो म्हणून? शोकसभेत हसू नये, पण गोदाक्काची सभा…"

"हसण्यात काही चुकलं नाही."

"मग?"

सांगावंसं वाटलं. त्यांनाही. खुर्चीवर उभं राहून व्हिडिओ काढलेला माणूस. पण आता ते सांगायचं की नाही हे शैलाचं. म्हटलं, "तिला आईची फार आठवण येते. काढून टाका."

"सरी," म्हणाले. चहा अर्धा ठेवून गेले. त्यांनीही अर्ध्यात काहीतरी ओळखलं असावं.

संध्याकाळी पाचला मेसेज. 'उद्या ११. हॉस्पिटलला थेट ये. डॉक्टरना तुझ्याकडून ऐकायचंय.' खाली पत्ता. वर मावशी नाही, खाली नाव नाही.

मी लिहिलं, येते. मग खोडून लिहिलं, येते बाळा. मग पुन्हा नुसतं येते.

१४ फेब्रु., शुक्र.

काल साडेआठलाच निघाले. मॅजेस्टिकला पहिली आली त्या गाडीत चढले. हॉस्पिटलात सव्वादहाला पोचले. शैला अकराला पाच कमी असताना आली. शेजारी बसली, मध्ये एक खुर्ची सोडून, त्यावर तिची पर्स. जेवलीस का विचारणार होते, विचारलं नाही. पेन ड्राइव्हचं ती काही बोलली नाही.

आत डॉक्टर तरुण होते. आधी तिच्याशी इंग्रजीत बोलले बराच वेळ. मग माझ्याकडे वळून कानडीत विचारलं, केव्हापासून, तुम्हाला आठवतं तसं सांगा.

मी गच्चीवरच्या चहापासून सुरुवात केली. साखरेचे दोन चमचे सांगितले. मी हसले तेही सांगितलं. डॉक्टर लिहून घेत होते. शैला भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होती. पोह्यांच्या बशीपाशी आले आणि थांबले. डॉक्टरांनी पेन थांबवलं.

शैला तक्त्याकडेच बघत म्हणाली, "पुढे."

मी पुढचं सांगितलं.